सड्यावरची खाण आणि परवान्याच्या शर्ती

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला, जिथे सावित्रीचे पात्र रायगड जिल्ह्याची सीमा आखते, त्या मंडणगड तालुक्याचे नाव निघाले की नाना फडणविसांचे वेळास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे, १७५६ च्या तहाने इंग्रजांकडे गेलेला बाणकोटचा किल्ला आणि वेळासच्या वाळूत अंडी घालण्यास येणारी सागरी कासवे या गोष्टी जाणत्या वाचकाच्या मनात सहजच उभ्या राहतात. परंतु ज्या भूमीवर हा सारा इतिहास घडला, तिची ओळख मात्र गावांच्या माथ्यावर मैलोगणती पसरलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यांनीच व्हावयास हवी. उन्हाळ्यात काळाठिक्कर पडणारा आणि अनवाणी पायाला चटका देणारा हा सडा परक्या माणसाला केवळ ओसाड दिसतो आणि महसुलाच्या दप्तरातही त्याची नोंद बहुधा पोटखराबा किंवा वरकस अशीच असते. याच जांभ्याच्या पोटात, मंडणगड व दापोली या तालुक्यांतील किनाऱ्याजवळच्या सड्यांत, बॉक्साइट हे अॅल्युमिनियमचे खनिज सापडते. म्हणूनच खाणीचा परवाना, त्याला जोडलेल्या पर्यावरणाच्या शर्ती आणि खणून झाल्यावर जमीन पूर्ववत करण्याचे दायित्व हा विषय कोळशाचा कणही न निघणाऱ्या या तालुक्याच्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेला आहे.

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. त्यावर लक्षावधी वर्षे उष्ण प्रदेशातील मुसळधार पाऊस पडत राहिला, त्या पावसाने दगडातील चुना, सोडा आणि सिलिका विरघळवून वाहून नेली, आणि जे पाण्यात सहजासहजी विरघळत नाही ते लोह आणि अॅल्युमिनियम तेवढे मागे उरले. लोहाचा अंश अधिक राहिला तेथे तांबडा जांभा झाला. अॅल्युमिनियमचा अंश वाढला तेथे फिकट, खडेदार बॉक्साइटचे खिसे तयार झाले. हे खिसे भूपृष्ठाच्या अगदी जवळ असतात आणि त्यांची जाडी काही मीटरांहून सहसा अधिक नसते. यातूनच बॉक्साइटच्या आणि कोळशाच्या खाणीतला मोठा भेद उद्भवतो. चंद्रपूरची कोळशाची उघडी खाण एका ठिकाणी खोल उतरत जाते; बॉक्साइटची खाण उथळ राहून रुंदावत जाते. एक टन अॅल्युमिनियम काढण्यासाठी ढोबळमानाने चार टन बॉक्साइट लागते, आणि ते चार टन मिळविण्यासाठी सड्याची वरची त्वचा किती तरी विस्तीर्ण क्षेत्रावर सोलावी लागते.

ही त्वचा निरुपयोगी असती तर प्रश्न सोपा होता. वस्तुस्थिती तशी नाही. जांभा सच्छिद्र आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस तो आपल्या असंख्य भोकांतून आत घेतो, आणि त्याच्या तळाशी असलेल्या चिकण मातीच्या थरावर ते पाणी अडते. सडा जेथे संपतो आणि उतार सुरू होतो, त्या कडेला हे अडलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. गावे नेमकी त्याच रेषेच्या खाली का वसली, वाडीची विहीर तेथेच का खोदली गेली, सुपारीची आणि नारळाची आगरे त्याच पऱ्याच्या काठाने का उतरत गेली, याचे उत्तर या एका रचनेत आहे. सडा गावाच्या पाण्याचा रांजण आहे. बॉक्साइटसाठी जांभ्याचे ते सच्छिद्र आवरण काढून टाकले आणि खालची चिकण माती उघडी पडली, म्हणजे पाणी मुरण्याऐवजी चार महिन्यांत वाहून जाते, आणि चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. परवान्यातील बहुतेक शर्तींचा उगम याच भीतीत आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांची रूक्ष भाषा समजणे सुलभ होते.

आता परवाना मिळतो कसा, ते पाहू. खनिजाचा पट्टा देण्याचा मूळ कायदा १९५७ सालचा, खाणी व खनिजे यांच्या विकास व विनियमनाचा. २०१५ पासून बॉक्साइटसारख्या खनिजांचे नवे पट्टे लिलावानेच दिले जातात. परंतु लिलाव जिंकलेल्या इसमाला दुसऱ्या दिवशी फावडे उचलण्याचा अधिकार मिळतो, हा समज चुकीचा आहे. त्याला आधी खाणकामाची योजना भारतीय खाण ब्यूरोकडून संमत करून घ्यावी लागते. हे ब्यूरो १९४८ साली स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय नागपुरास आहे. या योजनेतच खाण बंद करण्याचाही आराखडा समाविष्ट असावा लागतो. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी. पट्ट्यात वनजमीन असल्यास १९८० च्या वनसंवर्धन कायद्यान्वये केंद्राची परवानगी. आणि पाण्याविषयीच्या १९७४ च्या व हवेविषयीच्या १९८१ च्या कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र. या साऱ्या सनदा हाती आल्यावरच खाण सुरू होऊ शकते, आणि यांपैकी प्रत्येक सनदेच्या पाठीवर शर्तींची यादी असते. शर्तभंग झाला तर मंजुरी निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवलेला असतो.

या मालिकेत सामान्य खातेदाराला बोलण्याची जागा एकच, ती म्हणजे जनसुनावणी. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरविते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला वरिष्ठ अधिकारी तिचे अध्यक्षस्थान भूषवितो. निदान तीस दिवस आधी एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात द्यावी लागते. खाणीच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत येथे पाहण्यास ठेवावा लागतो. त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, असावा लागतो. सुनावणीस अमुक इतके लोक हजर असलेच पाहिजेत अशी अट मात्र नाही. मंडणगडसारख्या तालुक्यात ही उणीव मोठी ठरते. येथल्या एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात आणि त्यांतील निम्मीअधिक माणसे मुंबईच्या चाळींतून व उपनगरांतून नोकरीधंद्यात गुंतलेली असतात; गणपतीला आणि शिमग्याला गाव भरते, एरवी घरांना कुलुपे. आडवारी भरलेल्या सुनावणीत दहा वृद्ध बसले आणि मुंबईकर खातेदारांना तिची वार्ताही लागली नाही, तरी कायद्याच्या दृष्टीने ती सुनावणी पुरी झाली. तोंडी म्हणणेही इतिवृत्तात नोंदले जावे लागते, परंतु नेमकी लेखी हरकत टाळणे मंजुरीचा विचार करणाऱ्या पुढील समितीला अवघड जाते. तेव्हा तोंडी आरडाओरड करण्यापेक्षा अहवालातील पान आणि परिच्छेद दाखवून लेखी हरकत देणे, आणि ती इतिवृत्ताला जोडली गेली याची खात्री करून घेणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

अहवालातील एका दोषाकडे कोकणच्या माणसाने विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. पर्यावरणाची मूळ स्थिती नोंदविण्यासाठी साधारणतः पावसाळा वगळून एका ऋतूची पाहणी पुरेशी मानली जाते. वायुमापनाच्या दृष्टीने हा नियम सकारण असेल, कारण पावसात धूळ बसते आणि प्रदूषण कमी भासते. परंतु सड्याचे सारे जीवन पावसाळ्यातच असते. जूनअखेर कातळावरच्या खळग्यांत पाणी साठले की बोटभर मातीतून अंकुर फुटतात. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचा निळा, गेंदाचा पांढरा आणि कवल्याचा पिवळा गालिचा पसरतो. यांतील कित्येक वनस्पती केवळ पश्चिम घाट व कोकणातच आढळणाऱ्या आहेत, आणि सीतेची आसवे ही तर मातीतील नत्राची उणीव सूक्ष्म जीव पकडून भरून काढणारी कीटकभक्षी वनस्पती आहे. कार्तिकानंतर हे सारे वाळून नाहीसे होते. फेब्रुवारीत पाहणी करणारा तज्ज्ञ प्रामाणिकपणे लिहितो की येथे खडक आणि विरळ वाळके गवत आहे, आणि त्याचे ते प्रामाणिक वाक्यच पुढे सडा ओसाड असल्याचा दाखला होऊन बसते. पाहणीच्या कार्यकक्षेतच भाद्रपदातील वनस्पतींची नोंद आणि वैशाखातील झऱ्यांचे मोजमाप, ही दोन्ही समाविष्ट करावीत, अशी मागणी करण्यात काहीही अवाजवी नाही.

मंजुरीपत्रातील शर्ती प्रथमदर्शनी कंटाळवाण्या वाटतात; परंतु त्यांतील एकेक उतारावरच्या शेताशी जोडून वाचावी. वरची माती वेगळी काढून साठवावी, ही पहिली. देशावरच्या काळ्या रानात ही माती हात-दोन हात खोल असते, येथे ती चार बोटेही नसते; म्हणून ती यंत्राने खरवडून दगडाबरोबर ढिगात लोटली तर पुन्हा वेगळी करता येत नाही, आणि त्या मातीबरोबर सड्यावरच्या वनस्पतींचे सारे बियाणे गाडले जाते. खाणीभोवती आणि ढिगाभोवती चर खणावा व त्याचे पाणी गाळ बसविण्याच्या टाक्यांतून पुढे सोडावे, ही दुसरी. या शर्तीचे महत्त्व कळण्यासाठी आषाढातल्या सलग पावसात सड्याच्या खाली उभे राहावे. वरून येणारा पऱ्या एरवी निवळ असतो. वरती मोकळी माती असली की तोच तांबडालाल होऊन खाचरात शिरतो, नुकत्याच लावलेल्या आवणावर चिकण गाळाचा थर बसवितो, आणि भाताची रोपे त्या गाळाखाली गुदमरतात. टाकी बांधली पण पावसाळ्यापूर्वी उपसली नाही, तर ती पहिल्या आठ दिवसांत भरते आणि पुढे असून नसल्यासारखी होते. ढिगाच्या पायथ्याशी संरक्षक भिंत, ढिगाचा एकूण उतार अठ्ठावीस अंशांहून अधिक नसणे, पट्ट्याच्या सीमेलगत साडेसात मीटर रुंदीचा हरितपट्टा, मालमोटारींवर ताडपत्री, रस्त्यावर पाण्याचा फवारा, आणि भूजलपातळीचे वर्षातून चार वेळा मापन, या नेहमीच्या शर्ती कोळशाच्या व बॉक्साइटच्या परवान्यांत थोड्याफार फरकाने आढळतात. खाणीचा तळ भूजलपातळीला भिडू नये ही शर्त तर सड्याच्या बाबतीत प्राणभूत मानली पाहिजे.

शर्ती पाळल्या जाव्यात म्हणून पैशाची अनामत ठेवण्याची तजवीज आहे, आणि ती समजून घेण्यासाठी कोकण सोडून विदर्भात जावे लागते, कारण या कल्पनेची अधिक कणखर अंमलबजावणी कोळशाच्या बाबतीत झाली. वर्धा नदीच्या खोऱ्यातील वणी, घुग्घुस, बल्लारपूर या परिसरात कोळसा काढताना त्याच्यावरचा दगडमातीचा थर उपसून बाजूला टाकावा लागतो आणि त्यातून नदीकाठी टेकड्याच्या टेकड्या उभ्या राहतात. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या सार्वजनिक कंपनीच्या ताब्यात यांतील बहुतेक खाणी आहेत. कोळसा संपल्यावर खड्डा आणि टेकडी दोन्ही तशीच टाकून जाण्याची प्रथा मोडावी म्हणून केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २७ ऑगस्ट २००९ रोजी मार्गदर्शक नियम काढले. उघड्या खाणीसाठी दर हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी दर हेक्टरी एक लाख रुपये, तत्कालीन किमतींच्या आधारे, अशी रक्कम ठरली. ती खाणीच्या आयुष्यभर वार्षिक हप्त्यांनी, दरसाल पाच टक्के वाढवीत, बँकेतील स्वतंत्र खात्यात भरावयाची. खाते उघडताना खाणमालक, बँक आणि कोळसा नियंत्रक या तिघांचा करारनामा होतो, त्यामुळे मालकाला ती रक्कम एकट्याच्या सहीने काढता येत नाही. २००९ च्या त्या नियमांनुसार दर पाच वर्षांनी जेवढी जमीन खरोखर सुधारली असेल त्या प्रमाणात, जमा रकमेच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत परतावा मिळत असे. उरलेली रक्कम अंतिम बंदीचा दाखला मिळेपर्यंत अडकून राहते. दोनशे हेक्टरांच्या उघड्या खाणीचा हिशेब २००९ च्या दराने बारा कोटी रुपयांपासून सुरू होत असे. काम करा आणि आपलेच पैसे परत न्या, असा हा सरळ व्यवहार आहे.

बॉक्साइटसारख्या खनिजांना वेगळे नियम लागू होतात. २००३ मध्ये जेव्हा प्रथम अनामतीचा नियम आला, तेव्हा मोठी यंत्रे वापरणाऱ्या खाणीसाठी ती दर हेक्टरी अवघी पंचवीस हजार आणि इतर खाणींसाठी पंधरा हजार रुपये होती. इतक्या पैशांत एक हेक्टर सड्यावर माती पसरण्याचेही काम झाले नसते. २०१७ मध्ये ती अनुक्रमे तीन लाख व दोन लाख झाली, आणि २०२१ मध्ये पाच लाख व तीन लाख. वाढ स्वागतार्ह आहे यात संशय नाही. तथापि ही अनामत प्रत्यक्ष खाणकामाच्या वापरात असलेल्या क्षेत्रावर मोजली जाते आणि ती बँकेच्या हमीपत्राच्या रूपात देता येते; कोळशाच्या खात्याप्रमाणे दरसाल साठत जाणारी रोकड येथे नाही. माझ्या मते हा भेद दूर व्हावयास हवा. उथळ आणि पसरट खाणीत सुधारणेचे काम पहिल्या वर्षापासून मागोमाग करता येते, किंबहुना तसेच करावे लागते. तेव्हा साठणारे खाते आणि कामाच्या प्रमाणात परतावा ही पद्धत कोळशापेक्षा बॉक्साइटलाच अधिक साजेशी आहे.

सुधारणा म्हणजे नेमके काय, याविषयीही घोटाळा फार आहे. बहुतेक अहवालांत ती लावलेल्या झाडांच्या संख्येने मोजलेली असते. विदर्भात या बाबतीत एक उत्तम काम झालेले आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने सावनेर तालुक्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर असे सिद्ध करून दाखविले की निर्जीव दगडचुऱ्यात नुसती रोपे खोचून उपयोग नाही. साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड खड्ड्यात मिसळून सेंद्रिय अंश वाढवावा, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्यात सोडावी, म्हणजे साग-शिसवीसारखे वृक्षही त्या ढिगावर मूळ धरतात. कोळशाच्या ढिगांसाठीही हा मार्ग उपकारक ठरला. कारण खाणीपूर्वी त्या भूमीवर वृक्षच होते.

सड्यावर वृक्ष नव्हते. तेथे गवत होते, पावसाळी फुले होती, गुरांचे चराऊ रान होते. खणलेल्या सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या ओळी उभ्या केल्या म्हणजे हिरवा रंग दिसतो, कागदावर हेक्टर भरतात, पण गाईच्या तोंडाला काही लागत नाही आणि सड्याची मूळ सृष्टी कायमची जाते. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा ८ जानेवारी २०२० चा आदेश फार मोलाचा आहे. खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने त्या जमिनीवर, आणि त्याच्या कामामुळे बिघडलेल्या इतर जमिनीवरही, गवताची पुनर्लागवड करून ती चाऱ्यास, वनस्पतींस आणि वन्य जीवांस योग्य अशा स्थितीत आणावी, ही शर्त परवान्यात घालण्याचा हुकूम न्यायालयाने सरकारला दिला. मंडणगडच्या सड्याला हा आदेश तंतोतंत लागू पडतो: साठविलेली माती परत पसरणे, शेजारच्या अखंड सड्यावरचे गवताचे बी दिवाळीच्या सुमारास गोळा करून त्यात पेरणे, आणि पाणी थांबावे असे खळगे राखणे. जांभ्याचा मूळ सच्छिद्र थर मात्र कोणत्याही खर्चाने पुन्हा निर्माण होत नाही, आणि जो झरा त्या थरावर जगत होता त्याला पर्याय नाही. म्हणून काही सडे मुळातच खणू नयेत, हा निर्णय सुधारणेच्या आराखड्याच्या आधी यावयास हवा.

असा निर्णय सरकारला अपरिचित नाही. १६ ऑगस्ट २०१० रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत खाणींच्या नव्या मंजुऱ्यांना स्थगिती दिली होती, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेल्या अहवालात पश्चिम घाटाच्या अतिसंवेदनशील भागांत नवे खाणपट्टे देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले. चंद्रपूरला ताडोब्याच्या वाटेवरील लोहारा येथील कोळशाची खाण लोकांच्या तीव्र विरोधानंतर मंत्रालयाने नाकारली. दक्षिणेला गोव्यात मात्र दशकानुदशके शर्तींकडे काणाडोळा झाला, आणि परिणाम असा की सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण एकाच निकालाने रद्द केले. त्यात पर्यावरणाबरोबर हजारो मजुरांची आणि ट्रकवाल्यांची रोजीरोटीही गेली. शर्ती न पाळण्याची किंमत अखेर खाणीवर पोट असणाऱ्यालाही भरावी लागते, हे तेथे उघड दिसले.

आणखी एक गोष्ट, जी खाणीच्या चर्चेत सहसा निघत नाही. चिऱ्यांच्या खाणी कोकणात गावोगाव आहेत, आणि आपणा सर्वांची घरे त्याच चिऱ्यांची आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालाने चिऱ्यांसारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. चिरेखाणीचे चौकोनी खड्डे पावसाळ्यात भरतात, त्यांत गुरे आणि पोरे बुडतात, आणि खड्डा बुजविण्याची वा निदान कठडा घालण्याची जबाबदारी कोणाची यावर वाद होत राहतो. बॉक्साइटच्या खाणदाराकडून जी शर्त आपण मागतो, ती आपल्या भाऊबंदाच्या चिरेखाणीलाही लागू आहे.

ग्रामपंचायतींना म्हणून एवढेच सुचवावयाचे आहे. मंजुरीपत्राची प्रत पंचायतीला पाठविणे खाणदारावर बंधनकारक असते. ती आली नसेल तर लेखी मागावी आणि ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावी. मंजुरीविरुद्ध दाद मागावयाची तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठापुढे तीस दिवसांच्या आत जावे लागते, हे विसरू नये. शर्तींच्या पालनाचा अहवाल खाणदाराने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना द्यावयाचा असतो. जूनचा अहवाल पाऊस येण्याच्या आधी लिहिलेला असतो, तेव्हा त्यात टाक्या उपसल्याची नोंद आहे का ते पाहावे आणि पंचांनी सड्यावर जाऊन खातरजमा करावी. डिसेंबरच्या अहवालाशी पावसाळ्यातील गाळाचा स्वतः केलेला पंचनामा, छायाचित्रे आणि विहिरींची मापे ताडून पाहावीत, आणि तफावत आढळल्यास ती त्याच महिन्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चिपळूण येथील कचेरीला व केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूर येथील विभागीय कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी.